खालच्या मजल्याचा विमा

"हिनंच बुडवलं माझं घर!" मालकीणबाईंनी भाडेकरणीवर बोट रोखलं. "नळ उघडा टाकून कामावर गेली, आणि आता वर तोंड करून बोलतेय!"

"गाद्या माझ्या भिजल्या, कपडे माझे कुजले," भाडेकरीण म्हणाली. ती एका दवाखान्यात दातांचे साचे बनवायची. "मशीन लावून झालं की मी नळ बंद करते. त्या दिवशीही केला होता."

दोघींच्या मधे वही धरून भावोजी उभे होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते थोरल्या भावाच्या बायकोबरोबर तपासाला जात. वहिनींनी वीस वर्षं विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी केली होती आणि आता त्या खासगी तपास करत. डोकं वहिनींचं, वही भावोजींची, ही वाटणी भावोजींना मनापासून मान्य नव्हती.

प्रकरण चार दिवसांपूर्वीचं. भर दुपारी या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनची नळी निघाली, घोटाभर पाणी साचलं आणि खालच्या फ्लॅटच्या छतातून गळलं. मालकीणबाई पाच तासांवरच्या गावी राहायच्या. पण विमा त्यांनी नऊच दिवस आधी वाढवला होता, त्यामुळे कंपनीला दोघींच्या संगनमताचा वास आला. कंपनीनं हात वर केले, तर खालच्याची भरपाई करायला फ्लॅट विकावा लागणार होता. नवऱ्यामागे बाईंचं पोट त्या भाड्यावरच चालत होतं, म्हणून त्यांनीच वहिनींना बोलावलं होतं.

वहिनी मशीनमागे वाकल्या. "नळी आवळणारी पट्टी तुटलेली नाही. तिचा स्क्रू सैल केलाय कुणीतरी."

"हीच," भावोजी पुटपुटले.

"भावोजी, स्वतःच्या गाद्या कोण भिजवतं? तिचा तर सामानाचा विमाही नाही."

भावोजींनी 'हीच' खोडलं.

मग आला विम्याचा एजंट, आधीच तापलेला. "माझ्यावर कसला संशय घेता? बाईंना फक्त स्वतःच्या फ्लॅटचा विमा हवा होता. खालच्यांच्या नुकसानीचा घ्या, तोही तिप्पट रकमेचा, हा इमारतीच्या सेक्रेटरींचा हट्ट. इथे घर भाड्यानं द्यायचं तर विम्याची प्रत आणि एक जादा चावी त्यांच्याकडे ठेवावी लागते."

"सल्ला चुकीचा होता?" वहिनींनी विचारलं.

"छे! भाड्याच्या घराला तो विमा हवाच. मी सांगून थकलो होतो, पण त्यांचं ऐकलं बाईंनी."

सेक्रेटरी खालच्याच फ्लॅटमध्ये राहत. सगळ्यांना दारात बघून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "बारा वाजता घरी आलो, तर छतातून धार! वर धावलो, दाराला कुलूप. थापा मारून मारून हात सुजले. ही बया एकला उगवली, तोवर माझं घर धुऊन निघालं."

"आधी कधी गळलं होतं?"

"एक थेंबसुद्धा नाही!"

भावोजी मान वर करून छत बघत होते. तपकिरी डाग, त्याला एकात एक चार-पाच कडा. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी तेच लिहिलं, आणि पुढे होताना सतरंजीत पाय अडकून आडवे झाले. सतरंजी सरकली. खाली फरशीवर तांबूस गंजाचं वर्तुळ उमटलं होतं, बादलीच्या बुडाएवढं.

"खाली बघून चालावं माणसानं," म्हणत सेक्रेटरींनी पायानं सतरंजी ओढली.

"राहू द्या ती," वहिनी म्हणाल्या. "भावोजी, आज तुम्ही पडलात ते बरं झालं."

भावोजींना राग यावा की आनंद व्हावा, कळेना.

"पाणी एकदाच पडलं तर डागाला कड एकच येते," वहिनी म्हणाल्या. "इथे छत भिजलंय, वाळलंय, पुन्हा भिजलंय. डागाच्या बरोबर खाली पत्र्याची बादली ठेवलेली होती, आणि असा गंज चार दिवसांत चढत नाही. मुरलेली गळती आहे ही, छतातल्या पाइपची."

"असेल! त्याचा वरच्या नळीशी काय संबंध?"

"झिरपणाऱ्या पाण्याचे पैसे विमा कंपनी देत नाही, अचानक आलेल्या पाण्याचे देते. म्हणून तुम्हाला अचानक पाणी हवं होतं, आणि पैसे भरणारा दुसऱ्याचा विमा. तो तुम्हीच घ्यायला लावलात. कुलूप तर फुटलेलं नव्हतं."

"मी बाहेर उभा राहून थापा मारत होतो!"

"तेच तर! जादा चावी तुमच्याकडे, घर तुमचं बुडतंय, आणि तुम्ही तासभर थापा मारता? ती चावी कुणाला आठवू नये, एवढीच तुमची धडपड होती. तिनंच आत जाऊन तुम्ही स्क्रू सैल केलात आणि नळ उघडलात."

सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "तीन अर्ज केले माझ्या विमा कंपनीला! तीनदा नाकारलं! मी काय छत पडायची वाट बघायची?"

एजंटानं तिथूनच कंपनीला फोन लावला. मालकीणबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. घर वाचलं होतं. त्या भाडेकरणीकडे वळल्या. "अगं, झालं गेलं विसरून जा. राहा आता निवांत. दर महिन्याला भाडं देत जा, बाकी माझं काही म्हणणं नाही."

"परवा तुम्ही दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना सांगितलंत, की मी लबाड आहे, कंपनीला फसवते," भाडेकरीण म्हणाली. "काल त्यांनी मला कामावरून काढलं. भाडं कशातून देऊ?"