हाकेला एकच यावा

रोक्काफिका गावच्या वेनेरानं शेवटी एका कालोजेरोशीच लग्न केलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलं नाही, घडणार नाही आणि जो घडवायला जाईल त्याच्या डोक्यात परात घालीन, असं वेनेरा स्वतःच सांगत होती — जून सरता सरता, आपल्या पावाच्या भट्टीसमोर उभी राहून, कोपरापर्यंत पिठात.

तिचं म्हणणं रास्त होतं. बाप कालोजेरो. आजोबा कालोजेरो. थोरला भाऊ आजोबांवरून कालोजेरो, कारण पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, हा सिसिलीतला कायदा. सरकारनं केलेला नाही म्हणून सगळे पाळतात. आजोबा एकच असल्यामुळे चुलत भावांचीही तीच गत. आईनं दारातून "कालोजेरो" अशी हाक मारली की घरभरातून "काय?" यायचं आणि लाकडं आणायला कुणीच जायचं नाही. लाकडं वेनेरा आणायची.

गावाला मात्र आपल्या नामांकित कालोजेरोंचा मोठा अभिमान. विहीर-कालोजेरो एकदा विहिरीत पडला आणि दोर सोडल्यावर वर यायला नाही म्हणाला, कारण खाली गार होतं. राजीनामा-कालोजेरो सकाळी नगराध्यक्ष झाला आणि दुपारच्या जेवणाआधी पायउतार झाला. घरी शेवयांचा लगदा होत होता, म्हणून. एक कालोजेरो अमेरिकेत जाऊन फार मोठा झाला म्हणतात, पण तिथं त्यानं नाव बदलून चार्ली केलं, म्हणून चर्चमध्ये त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलाय. आणि या सगळ्यांच्या वर खुद्द संत कालोजेरो — काळ्या लाकडाचा चेहरा, पांढरी दाढी, कुठल्याही दुखण्यावर गुणकारी.

"संत सोडून दुसरा कालोजेरो माझ्या आयुष्यात येणार नाही," वेनेरा म्हणायची.

"नदीत उभी राहून पाणी नको म्हणतेय," आई म्हणायची.

संताचा उत्सव जुलैत. ज्याचा जो अवयव बरा झाला असेल त्या आकाराचा पाव त्यानं संताला वाहायचा, अशी रीत. त्यामुळे वेनेराच्या फळीवर त्या दिवसांत हात, पाय, कान, नाकं अशी ओळीनं फुगत पडलेली असायची आणि वर बडीशेपेचा घमघमाट. अशाच एका टळटळीत दुपारी तो आला. उन्हानं रापलेला, शर्टाचं एक बटण गायब, केसांत गवताची काडी.

"एक पाय हवा."

"डावा की उजवा?"

"मागचा."

वेनेरानं मान वर केली.

"शेळीचा आहे," तो म्हणाला. "मोडला होता. जुळला."

"तुम्ही कोण तिचे?"

"डॉक्टर."

"मग बरा तुम्ही केलात. संताला कशाला पाव?"

"मी पट्टी बांधली. तिनं पट्टी खाल्ली. त्यापुढचं सगळं संतानं केलं."

वेनेराला हसू आलं. ते तिनं पिठात दाबलं. "कुणाच्या नावावर लिहू?"

तो क्षणभर थांबला… "बियांका."

"हे तुमचं नाव?"

"शेळीचं. बरी ती झाली ना."

मग तो येतच राहिला. गाढवाचा गुडघा. गायीचा कान. दरीपलीकडच्या वाडीतली जनावरं त्या उन्हाळ्यात फारच भराभर बरी होऊ लागली.

"आज काय?" ती विचारायची.

"आज काही नाही. कोंबडी होती. गेली."

"मग कशाला आलात?"

"दुःखात आहे. ताजं काही असलं तर…"

ती त्याला गरम पावाचं टोक मोडून द्यायची. एकदा बडीशेपेचा दाणा त्याच्या ओठावर राहिला. तिनं आपल्या ओठाला बोट लावून दाखवलं. त्यानं भलतीकडचा ओठ पुसला. तिनं पुन्हा दाखवलं. त्यानं हनुवटी पुसली. "शेळ्यांचे डॉक्टर तुम्ही," ती म्हणाली आणि पिठानं भरलेल्या अंगठ्यानं तो दाणा स्वतःच टिपला — अलगद, आणि गरजेपेक्षा जरा सावकाश. त्यानंतर दोघंही बराच वेळ भट्टीकडे बघत उभी राहिली, जणू जे काही झालं ते भट्टीनंच केलं होतं.

नाव तिनं पुन्हा विचारलं नाही. तोही बोलला नाही. तो "बाई" म्हणायचा, ती "डॉक्टर" म्हणायची, आणि एकूण बरं चाललं होतं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्या शर्टाला सगळी बटणं होती. वेनेराला तिथंच संशय आला.

"एक जीभ हवी."

"कुणाची?"

"माझी."

"काय झालंय तिला?"

"नाव सांगायची वेळ आली की… अडकते."

वेनेराचे हात कणकेत थांबले.

"उद्या पालखीच्या पुढच्या दांड्याला माझे वडील असतात," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उसासा म्हणतात त्यांना."

उसासा-कालोजेरो कुणाला माहीत नव्हता? पाऊस पडला तरी उसासा, नाही पडला तरी उसासा. त्याचा एकुलता एक मुलगा पालेर्मोला शिकायला गेल्याचं गावानं ऐकलं होतं. शेळ्यांसाठी गेला होता हे कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तू —" अहोजाहो कणकेतच राहिलं.

"हो."

"आणि तुझा पहिला मुलगा —"

"बाबांनी त्याचं नाव चांदीच्या पेल्यावर कोरूनही घेतलंय."

"तुझं अजून लग्न नाही झालेलं."

"पेल्याचं त्यावाचून काही अडलेलं नाही."

तिनं हात कणकेतून काढले. मग पाव करपल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "तू मला आवडतोस. तुझं नावही मी सोसेन. तुला हाक मारायच्या ऐवजी शिट्टी मारता येईल. पण पोराचं काय? त्याला हाक मारली की तू वळणार, तुझा बाप, माझा बाप, माझा भाऊ, अर्धी गल्ली वळणार. मला एक माणूस असं हवंय, ज्याला हाक मारली की तेवढंच वळेल. ते मिळणार नसेल तर लग्न नाही."

"बाबांना हे कोण सांगणार?"

"मी. उद्या. संतासमोर."

"मी तुझ्या बाजूनं आहे."

"ते उद्या कळेल."

रोक्काफिकाची आणखी एक रीत आहे. पालखी प्रत्येक सज्जाखाली थांबते, सज्जातून संतावर पावांचा वर्षाव होतो आणि मगच पालखी पुढे सरकते. पाव पडल्याशिवाय संत हलत नाही. या रीतीचा असाही उपयोग होतो, हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं.

ढोल वाजत आले. रुमालांनी मानेचा घाम पुसत पालखी वाहणारे भट्टीच्या सज्जाखाली थांबले. वर सज्जात वेनेरा, कमरेवर पावांची टोपली. टोपली कमरेवरच राहिली.

ढोल एकेक करत गप्प झाले.

"टाक की, पोरी," खालून उसासा-कालोजेरो म्हणाला. पुढच्या दांड्याला तो, त्याच्या शेजारी त्याचा मुलगा.

"काका, आधी बोलायचंय. तुमच्या मुलाशी मी लग्न करीन. पण पहिल्या मुलाचं नाव मी ठेवीन."

गल्लीत कुणीतरी हातातलं आइस्क्रीम खाली पाडलं. एवढाच काय तो आवाज.

"माझ्या बापाचं नाव मी चालवलं," म्हातारा म्हणाला. मग उसासा. "माझं कोण चालवणार? मी गेल्यावर मला हाक कोण मारणार?"

"तुम्हाला आत्ता कोण मारतं? सगळे उसासाच म्हणतात."

म्हातारा दांड्याखाली चुळबुळला. "खांद्यावर संत आहे, पोरी. जड आहे."

"असू दे. मी उद्या सकाळपर्यंत उभी राहू शकते. मला उभ्यानं काम करायची सवय आहे."

"अरे, तू तरी हिला सांग," तो मुलाला म्हणाला.

डॉक्टरनं दांडा खांद्यावर नीट घेतला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज अडकला नाही. "बाबा, पेला मी वितळवून घेईन. ती म्हणेल तसं."

संताच्या काळ्या चेहऱ्यावरून ऊन सरकलं. मागच्या दांड्यावरून कुणीतरी कण्हलं, "उसासा, हो म्हण ना बाबा, माझा गुडघा."

"मग नाव कुणाचं ठेवणार?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुणाचंच नाही. पोर आलं की त्याचं तोंड बघून ठरवीन."

एक लांब, जुना, सगळ्या गावाच्या ओळखीचा उसासा. "…बरं."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"बरं म्हटलं ना."

वेनेरानं टोपलीतला पहिला पाव उचलला आणि नेम धरून फेकला. तो संताला लागलाच नाही. सरळ डॉक्टरच्या नाकावर बसला. पाव जिभेच्या आकाराचा होता. डॉक्टरनं एका हातानं तो झेलला, एक लचका तोडला, चावला, गिळला आणि वर बघून गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, "वेनेरा, मी कालोजेरो."

"काय?" म्हणून गल्लीतले सगळे वळले. ती दोघं मात्र एकमेकांवरून नजर न हलवता तशीच उभी राहिली… आणि मग टोपलीतले उरलेले पाव सगळ्यांच्या डोक्यावर पडू लागले.

लग्नात पाद्र्यानं "कालोजेरो, तुला ही वेनेरा मान्य आहे?" असं विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी होकार दिला. दोघांना त्यांच्या बायका बाहेर घेऊन गेल्या.

यथावकाश बाळ झालं. मुलगा. म्हातारा दारात उभा होता. कोटाखाली पेल्याचा आकार दिसत होता. वेनेरानं ठरल्याप्रमाणे बाळाचं तोंड पाहिलं. बाळानंही तिचं पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि… एक लांब, जुना, सगळ्या गावाच्या ओळखीचा उसासा टाकला.

"मी काही बोललेलो नाही," म्हातारा दारातून म्हणाला.

नवऱ्यानं खाली बसून तिच्या केसांतलं पीठ झटकलं. "आता गं?"

"आता काय? शब्द दिला होता, तोंड बघितलं, नाव ठरलं," वेनेरा म्हणाली. "पण हाकेला एकच यावा, हे माझं अजून कायम आहे."

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या दारावर हे चिकटवलेलं होतं, आणि अजून आहे:

"प्रति, संत कालोजेरो, तसेच रोक्काफिका हद्दीतील समस्त कालोजेरो, हयात व दिवंगत. कळविण्यात येते की, आपल्या नावाची एका बालकास तातडीने गरज आहे. तरी आपण सर्वांनी बाप्तिस्म्यापूर्वी आपापली नावे बदलून घ्यावीत, ही विनंती. संतांना उत्सवाच्या दिवशी सवलत देण्यात येईल."