कुमुदआजीची रांगोळी

पडद्यावरची अक्षरं सुटून खाली का घसरतायत, हे ऋजुताला काही केल्या कळेना.

आज खंडेनवमी. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या हुशार यंत्रांना हळदीकुंकू लागलं होतं, पण खरा मान आबांच्या पुराणवस्तू झालेल्या संगणकाचा. आबा एकेकाळचे संगणकशास्त्रज्ञ. वर्षातून एकदा, याच दिवशी, ते कुमुदआजीची फ्लॉपी (माहिती साठवायची पातळ चुंबकीय चकती) त्यात घालत. मग आजीने तरुणपणी रचलेली रांगोळी हिरव्या ठिपक्यांनी उमटत जाई. आजी गेल्यापासून आबा वर्षभर या दिवसाची वाट बघत.

आबांनी आधी संगणक बंद केला. "काय काय केलंस?"

"जुन्या बाजारातून आणलेल्या खेळाची फ्लॉपी लावली. मग आजीची फ्लॉपी घातली. तिच्या कडेला कळकट चिकटपट्टी होती, ती पूजेसाठी आधीच काढून टाकली होती."

आबांनी फ्लॉपी बाहेर काढून तिची कड बघितली.

"ती पट्टी म्हणजे कुलूप होतं गं. कडेची खाच झाकली की संगणक फ्लॉपी वाचतो, पण तिच्यावर लिहू शकत नाही. तुझ्या खेळात विषाणू (स्वतःच्या नकला करत सुटणारा छोटा प्रोग्राम) दडला होता. तो संगणकाच्या स्मृतीत शिरला आणि खाच उघडी मिळताच आजीच्या फ्लॉपीवर उतरला."

"इतका जुना, तरी जिवंत?"

"तो म्हातारा होत नाही. ओळखीचं यंत्र मिळालं की लागला कामाला."

"मग रांगोळी गेली?" ऋजुताला रडू फुटलं.

"बघू. यंत्र बंद केलं की स्मृतीतला विषाणू जातो, चकतीवरचा राहतो."

आबांनी आजीच्या फ्लॉपीला नवी पट्टी लावली. पट्टी असलेल्या दुसऱ्या, स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू केला आणि आजीच्या फ्लॉपीवरचा, विषाणू लागलेला प्रोग्राम न चालवता फक्त रांगोळीची माहिती कोऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेतली.

चित्रं दाखवणाऱ्या दुसऱ्या, स्वच्छ प्रोग्रामने ती उघडताच ठिपके उमटू लागले. कमळ आलं, वेल आली, आणि उजव्या कोपऱ्यात सगळं थांबलं. विषाणूने स्वतःला जागा करताना तेवढा तुकडा पुसला होता.

"इथे मोर होता. की बदक?" आबांचं बोट काचेवर थांबलं. "दरवर्षी बघायचो, आणि आठवत नाही. प्रत काढली तर हिची किंमत कमी होईल, असं वाटायचं मला. म्हणे शास्त्रज्ञ."

"चिमणी होती, आबा. मागे वळून बघणारी."

कोणत्या कळा दाबायच्या ते आबांनी दाखवलं. ऋजुताने एकेक ठिपका ठेवत चिमणी काढली. मान जरा वाकडीच झाली.

"कुमुद हसली असती," आबा म्हणाले. मग त्यांनी आणखी प्रती काढल्या आणि पट्ट्यांची गुंडाळी ऋजुताच्या हातात दिली.

"लाव तूच. पुढच्या खंडेनवमीला चिमणी दिसली पाहिजे."