टेकायची जागा

लग्नसराई संपली तेव्हा विश्वजितला कॅमेरा हातात धरवत नव्हता. तरी फोटोग्राफर मंडळाच्या प्रदर्शनाचा विषय ऐकून त्याला हसू आलं : ‘विसावा’. दमलेल्या माणसाला हाच विषय मिळायचा! पेंगणारे म्हातारे, बसलेले बैल सगळेच काढणार. आपण नुसत्या जागा काढायच्या, रिकाम्या, असं त्यानं ठरवलं.

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवरचं बाकडं झालं. कबनूरला यंत्रमागाच्या शेडमागची बाज झाली. तिच्यावर कापसाची रुई पिठासारखी साचली होती. शेवटी गडमुडशिंगीतला वडाचा पार. माणसं उठून जाईपर्यंत तो प्रत्येक ठिकाणी ताटकळला होता.

पाराशीच उभं राहून त्यानं कॅमेऱ्यात फोटो पाहिले. बाकड्याच्या टोकाला एक बाई पाठमोरी बसलेली. बाजेवरही तीच, जरा जवळ. पारावर तर इतकी जवळ, की हिरव्या लुगड्याच्या पदराला पडलेलं जळकं भोक दिसत होतं.

दिवाळीत आईचा पदर गॅसवर गेला, तेव्हा त्यानंच तो विझवला होता.

तो तडक घरी आला. त्याची आई धोंडुबाई त्याच लुगड्यात ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती अशीच उभी होती. खानावळीला दिलेल्या त्या भाकऱ्यांवरच विश्वजितचं शिक्षण झालं, पहिला कॅमेरा आला. तिला निवांत बसलेलं आपण कधी पाहिलंच नाही, याची त्याला आज लाज वाटली.

“आई, कुठं गेलतीस व्हय?”

“मी कुटं जातोय बाबा? साठ भाकरी पडल्यात अजून.”

त्यानं खुर्ची पुढं सरकवली. “बस की जरा.”

“बसलो तर उठायचो न्हाय.”

रोजचंच बोलणं ते. आज मात्र त्यानं खुर्ची मागं ओढली.

बाहेर सोप्यात येऊन तो कॅमेऱ्यातले फोटो पुसू लागला. बाकडं गेलं. बाज गेली. पारावरच्या फोटोपाशी बोट अडलं. बाईची मान आता एका अंगाला कलली होती, गाढ झोपेत कलते तशी.

आई हवी होती त्याला. त्यानं डोळे मिटून बटण दाबलं.

आतली थपथप थांबली.

“विश्वजित,” आईचा आवाज जडावला होता, “कशाला उठीवलंस रं? आत्ता कुटं डोळा लागला हुता.”

थपथप पुन्हा सुरू झाली. तो दारापर्यंत गेला. आई पाठमोरी उभी होती.

तिच्या अंबाड्यात कापसाची रुई अडकली होती.