दिवलीबाईचा नारळ

बसा रे. शेतीची लाईट बाराला येणार म्हणतात, म्हणजे एक धरून चाला. तोवर केळीला पाणी सोडता येत नाही आणि घरी जाऊन झोपताही येत नाही, अशी आपली गत. शेकोटीत दोन काटक्या टाक खात्या, आणि तो मोबाईल ठेव खिशात. तुझ्या सुनिताला आठवा लागलाय हे अख्ख्या ब्राह्मणपुरीला ठाऊक आहे. घडीघडी फोन करून ती काही लवकर बाळंत होणार नाही.

मघाशी तू म्हणालास, बाप होणार म्हणून रिषभशेठला सांगायला गेलो तर तो तोंड फिरवून आत निघून गेला, फार शिष्ट झालाय. शिष्ट नाही तो. एसटीतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी त्याच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर पेपर वाचतो; चहा त्याचा, बातम्या माझ्या. मला माहीत आहे तो का आत गेला. त्यानं मला एकदाच सांगितलं. ऐकायचं असेल तर मध्ये बोलू नका.

दोन वर्षं झाली. मार्गशीर्षातली चौदस. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरलेला, निम्मं गाव यात्रेला गेलेलं. रिषभची बायको जिया, जळगावची पोर, तिला नववा लागला होता. लग्नाला सहा वर्षं झालेली. आधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. हे तिसरं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, बाळ हलायचं कमी झालं की वेळ बघू नका, उठून या.

आता दिवलीबाई. तुम्हा सगळ्यांना तिनंच न्हाऊ घातलंय. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तरी बाळ-बाळंतिणीचं तेल-पाणी, शेक-शेगडी तिच्याचकडे; न्हाऊ घातलं की बाळाच्या उजव्या गालावर काजळाची तीट तीच लावायची. सातव्या महिन्यात तिच्या ओटीत नारळ घालायचा. नारळ घेतला की ती त्या घराला बांधली. मग राजवाड्यातून बोलावणं आलं तरी जायची नाही. आणि काही कारणानं बेत फिरला, तर तिच्या हातून नारळ परत घ्यायचा आणि फोडायचा. त्याशिवाय ती मोकळी नाही. तसा रिषभची आई रूपकंवर हिनं तिच्या ओटीत नारळ घातला होता.

आणि जियाला आठवा सरत असताना दिवलीबाई वारली. साधा ताप, तीन दिवसांत गेली. रिषभ स्वतः मातीला गेला होता. रूपकंवर भेटायला गेली, रडली, परत आली. नारळ तिथंच घरात, कणगीवर ठेवलेला तिनं पाहिला होता. पण मयताच्या घरी नारळ परत कसा मागायचा? लाज वाटली बिचारीला. कुणालाही वाटली असती.

आणखी एक. गरोदर बाईला मयताची खबर सांगत नाहीत. जियालाही कुणी सांगितली नाही. ती विचारायची, दिवलीमाय पोट बघायला कशी आली नाही? तर सांगायचे, लेकीकडे गेलीय गुजरातला.

तर त्या चौदशीला दुपारी जेवण झाल्यावर बाळ हललंच नाही. जिया डाव्या कुशीवर पडून राहिली. गूळ खाल्ला, पाणी प्यायली. नाही. सासू म्हणाली, नवव्यात पोराला जागा कमी पडते, निजलं असेल. वाईट मनानं बोलली नाही ती, तिला तेच शिकवलेलं. खात्या, हे मात्र कान उघडे ठेवून ऐक. पोर निजलंय, असं म्हणत तू बसायचं नाहीस. तिथल्या तिथे गाडी काढायची.

यांना रात्रीचे दहा झाले. जिया रडायला लागली तेव्हा रिषभनं ओमनी काढली. तिला मागच्या सीटवर निजवलं आणि शहाद्याचा रस्ता धरला. चांदणं दुधासारखं पडलेलं, थंडीही होती. रस्ता आपलाच, रोजचा.

पाटाच्या पुलाअलीकडे उसाची ट्रॉली कलंडली होती. निम्मा रस्ता उसानं भरलेला, ट्रॅक्टरवाला कुठं दिसेना. रिषभनं गाडी अगदी हळू केली, बाजूनं काढता येते का बघत होता. तेवढ्यात मागचं दार सरकल्याचा आवाज आला. गाडी एका अंगाला जराशी दबली. दार लागलं. त्याला वाटलं, ट्रॉलीवरची कुणी मजूर बाई असेल, शहाद्याला जायचं असेल.

मग जिया बोलली.

"दिवलीमाय, तू व्हय? इतली रातले?"

"उनी ना, माय. बोल दियेल शे मी."

आवाज तोच. शब्द दिलाय म्हणून आले, म्हणत होती. रिषभ मला म्हणाला, बाबा, मी आरशात बघितलं. डोक्यावर पदर होता. तोंड दिसलं नाही. हात दिसला. मनगटात कथलाचं कडं. ते कडं त्यानं मातीच्या वेळी पाहिलं होतं... हातातच ठेवलं होतं.

ओरडायचं? कसा ओरडणार? मागं बायको. नऊ महिन्यांची पोटुशी. ही मेलेली आहे, हे तिला सांगायचं? त्या क्षणी? काही झालं असतं तर... मी पन्नास वर्षं लोकांना शहाणपण शिकवत आलोय. पण त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

त्यानं गाडी काढली. उसावरून काढली. पाय दाबून धरला.

मागं बोलणं चालू.

"पोर हाली नही ऱ्हायनं?"

"दुपारपाईन नही, माय."

तो हात जियाच्या पोटावर आला.

हळूहळू फिरत राहिला.

मग जिया हसली. रडत हसली. "अहो, हालनं. देखा ना, हालनं."

रिषभनं आरशात बघितलं. पोट हलत होतं. साडीवरून दिसत होतं. इकडून उचललं जाई, तिकडून उचललं जाई... त्या हाताखाली. हात जिथं जाई तिथं.

जिया म्हणाली, "आते घर चाला. कसाले जानं दवाखानामा?"

त्यानं गाडी वळवली नाही. शहाद्याचाच रस्ता धरून ठेवला. तेवढं भान त्याला राहिलं. आणि मग त्यानं मला जे सांगितलं ते सांगताना त्याची मान खाली होती. म्हणाला, बाबा, आधी मी देवाला म्हणत होतो, हिला उतरव. पोट हललं तसं मी तिलाच म्हणायला लागलो... मनातल्या मनात. हात काढू नकोस. कोण का असेना तू. शहादं येईपर्यंत हात काढू नकोस.

बाप होता ना तो.

गावाचे दिवे आले. दवाखान्याची पाटी आली. त्यानं गाडी उभी केली, उतरला, मागचं दार ओढलं.

जिया एकटी.

"दिवलीमाय कथी गई?" कुठे गेली, म्हणून ती विचारत होती.

स्ट्रेचर आलं. आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं. इकडं ठेवलं. तिकडं ठेवलं. खरखर... नुसती खरखर. दुसरं यंत्र आणलं. पडद्यावर बराच वेळ बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, ठोके नाहीत. दुपारीच थांबले असावेत.

जिया म्हणाली, खोटं आहे. आत्ता हललं. गाडीत हललं, सारखं हललं. यांना विचारा. यांनी बघितलंय.

डॉक्टरीणबाईंनी रिषभकडे बघितलं. जियानं बघितलं.

तो...

काय बोलणार होता? बघितलं होतं त्यानं. हो म्हणावं तरी खोटं, नाही म्हणावं तरी खोटं. तो भिंतीला टेकून खाली बसला. अजून तिला उत्तर दिलेलं नाही त्यानं. एका घरात राहतात, एका ताटात जेवतात, पण त्या रात्रीबद्दल ती विचारत नाही आणि तो सांगत नाही.

कळा यायचं औषध दिलं. दुसरा दिवस सगळा त्यात गेला. दत्तजयंतीच्या संध्याकाळी बाळ आलं. मुलगी. रिषभ दाराबाहेर उभा होता. नर्स कपड्यात गुंडाळून बाळ घेऊन आली. आली तशी दारातच थांबली. नवी नव्हती ती, अशी किती बाळं तिनं बापांच्या हातात दिली असतील. पण ही ती पुढं करेना. म्हणाली, भाऊ, मी हिला खालीसुद्धा ठेवलं नाही. आली तशी कपड्यात घेतली. खोलीत माझ्याशिवाय आणि बाईंशिवाय कुणी नव्हतं.

आणि तिनं तोंडावरचं कापड बाजूला केलं.

उजव्या गालावर काजळाची तीट होती. अजून ओली.