फरशीवरची केबल

आमच्या ध्वनिसंग्रहालयातल्या त्या यंत्राला आम्ही ‘थोरली सून’ म्हणायचो. खरं नाव कंट्रोलर. स्वतःची एकही डिस्क नाही, पण मागे उभी असलेली चार कंपन्यांची डिस्कची कपाटं तिनं अशी सांभाळली होती, की समोरून पाहणाऱ्याला एकाच घरचा संसार वाटावा. तिला बसवलं आमच्या इंजिनिअरबाईंनी. तसे हात मी पुन्हा पाहिले नाहीत.

सगळ्यात जुनं कपाट केव्हाच बुडालेल्या कंपनीचं. त्यात माझ्या दादाचा आवाज होता. तो रेडिओवर गोष्टी वाचायचा. तो गेल्यावर वहिनी दर आठवड्याला येऊन ऐकत बसे आणि घरी करायची तसंच मधेच “हं, मग?” म्हणे.

पुढे ते कपाट खिळखिळं झालं. दादाच्या आवाजाची नक्कल काही केल्या दुसरीकडे उतरेना. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला.

कपाट हलवण्याआधी त्यातल्या डिस्कवरची थोरलीची मालकी सोडवायची, म्हणजे ‘या आता माझ्या नाहीत’ अशी तिच्याकडून नोंद करून घ्यायची, असा नियम होता.

“सोडवू?” बाईंनी विचारलं.

वहिनीनं माझा हात धरला. “वन्सं, नको म्हणा ना त्यांना.”

बाईंनी कीबोर्डवरून हात उचलले. “राहू दे. फार तर काय, थोरली रुसेल, लाल दिवा लावून बसेल. मी काढीन समजूत.”

कपाट गेलं. केबलचं टोक फरशीवर पडून राहिलं.

दिवा मात्र हिरवाच.

पुढच्या खेपेला वहिनीनं सवयीनं बटण दाबलं. दादा वाचू लागला. जुनी खरखरसुद्धा नव्हती. बाई वाकल्या, केबलचं टोक उचललं, पदरानं पुसलं आणि जपून खाली ठेवलं.

“बाई, हे येतंय कुठून?” मी विचारलं.

“ती सांभाळतेय ना? मग विचारू नये गं.”

हळूहळू दादा कधीच न वाचलेल्या गोष्टी वाचू लागला. वहिनीला यायला उशीर झाला, तर तिनं खुर्ची ओढून घेईपर्यंत तो थांबे.

बाई निवृत्त झाल्या. मग वहिनीही गेली.

थोरली अजून चालू आहे. तिला बंद करायला कुणाचा हात धजत नाही. मी जाऊन ऐकते. दादा वाचतो, आणि मधेच, त्याच्या अगदी शेजारून, “हं, मग?”

काल तो एकाएकी थांबला. तिकडे कुणीतरी आणखी एक खुर्ची ओढली.

मी तर इकडे बसलेलीच होते.

दादानं पुढचं वाक्य अजून वाचलेलं नाही.