बांधापलीकडचं घर

आमोस गार्बटने बांध फोडला तो गवताची गाडी न्यायला. यॉर्कशायरच्या उघड्या टेकड्यांवरून कोसच्या कोस गेलेला मातीचा बांध, त्याला लागून खंदक. गावाची हद्द तीच, चर्चच्याही कितीतरी आधीची. वळसा घालण्यात सकाळ जायची, म्हणून पठ्ठ्याने आपल्या घरामागेच गाडीपुरती खिंड पाडली.

दर वसंतात सारं गाव पाद्रीबाबांमागे वाळुंजाच्या काठ्या आपटत हद्दीवरून चालायचं. ज्याने बांध फोडला असेल त्याने खिंडीत पालथं पडायचं आणि लोकांनी त्याच्या पाठीला काठ्या टेकवायच्या. मग बांध पुरा झाला असं धरत.

"पड ना आज एकदाचा," एडिथ म्हणाली. पाव कापताना तिचं बोट कापलं होतं, आणि नवरा आपल्या जुन्या निळ्या शर्टाची चिंधी त्यावर बांधत होता. "पाठ झिजणार आहे का तुझी?"

"गावासमोर लोळायला मी काय डुक्कर आहे? तूच जा."

"जातेच. तुझा आडमुठेपणा किती झाकायचा मी?"

गाठ पक्की बसली का, ते त्याने दोनदा पाहिलं. बायकोवर त्याचा फार जीव होता, पण हेका काही सुटत नव्हता.

ती हद्दीच्या फेरीला गेल्यावर तो दारात आला. कोंबड्या अंगणातल्या हातपंपाशी थबकल्या होत्या. दाणे टाकले तरी एकही घराकडे येईना. त्याचाच कुत्रा पंपापलीकडून परक्यावर गुरगुरावं तसा गुरगुरला.

मग काठ्यांचा आवाज आला. मंडळी खिंडीपर्यंत आली आणि वळली. घराला वळसा घालून ती पंप आणि उंबरा यांच्यामधून चालू लागली. काठ्या फरसबंदीवर पडत होत्या, आवाज मात्र भिजल्या मातीचा येत होता.

"पाद्रीबाबा, वाट चुकलात," आमोस म्हणाला.

कुणी मान वळवली नाही.

सर्वांत मागे एडिथ होती. त्याने तिच्याकडे धाव घेतली. पाय उंबऱ्यापुढे जाईनात. आता मात्र तो घाबरला.

"एडिथ, ऐक. पडतो मी. म्हणशील तिथे पडतो."

ती थांबली. रिकाम्या माळाकडे बघावं तसं तिने दाराकडे पाहिलं.

"पलीकडे कोण राहतं गं?" तिने शेजारणीला विचारलं.

"पलीकडे कोण राहणार, बाई? चल."

एडिथने बोटावरची निळी चिंधी पाहिली. कुणी बांधली ते आठवेना, म्हणून ती क्षणभर घुटमळली. मग दातांनी गाठ सोडून तिने चिंधी हद्दीबाहेर टाकली.

चिंधी आमोसच्या पायाशी पडली. तिच्यावरचं रक्त अजून ओलं होतं.