सोनगिरीची मशाल आणि चंद्रोदयाची वेळ

सोनगिरीच्या वेशीबाहेर भर दुपारी एक मशाल जळत असे. तिच्या उजेडात कुणी वाचत नसे, तिच्या आचेवर कुणी चहा ठेवत नसे. ती होती निशिगंधाच्या आईच्या जैववायू केंद्रावर (शेण व ओला कचरा कुजवून इंधनवायू तयार होतो, ते ठिकाण). नळांत न शिरणारा वायू तिथे जाळून टाकत. नवल असे, की त्याच वेळी गावातल्या शेगड्यांसाठी समुद्रापलीकडचा वायू नळांतून येत होता.

"घरचं दूध ओतून द्यायचं आणि शेजारून मागून आणायचं, हा कुठला शहाणपणा?" अकरा वर्षांच्या निशिगंधाने विचारले.

आईने तिच्यापुढे एक पत्र ठेवले. उद्या नगरसमिती येणार होती. मशाल जळताना दिसली तर केंद्र बंद होणार आणि गावचे शेण पुन्हा ओढ्यात जाणार.

निशिगंधाने त्याच सकाळी सातला प्रवेशठाणे गाठले (बाहेरचा वायू गावात शिरतो, ती जागा). तिथे भालदार नावाचा यंत्रमानव पहाऱ्यावर होता आणि खुर्चीत बसल्या होत्या तिच्या अक्काआजी, डॉक्टर द्वारकाबाई. गावचे सारे वायुजाळे त्यांनीच उभारलेले. निवृत्तीला नऊ वर्षे झाली, तरी त्या रोज तपासणीला येत. 'येऊ नका' म्हणण्याची कुणाची छाती नव्हती.

"चपला बाहेर. हं, आता बोल."

"आपला वायू नळात का शिरत नाही, अक्काआजी?"

"सायकलचं चाक टणक भरलेलं असलं, तर पंपाचा दट्टा खाली जातो का?"

"नाही."

"वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडेच वाहतो. आपल्या नळांना चार बारच्या वर दाब सोसत नाही (बार हे दाब मोजण्याचे माप). आणि भालदार तो दिवसभर चारवरच ठेवतो."

"म्हणजे जागाच नाही! भालदार, तू दाब थोडा उतरवत का नाहीस?"

"हुकूम आहे. दाब कधीही उतरू द्यायचा नाही."

"कुणाचा हुकूम?"

भालदार छताकडे पाहू लागला.

"माझा," अक्काआजी म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वीची संकष्टी. गावाचा दिवसभर उपास. संध्याकाळी साऱ्या घरांनी एकदम मोदकपात्रं चढवली आणि दाब कोसळला. मोदक कच्चे राहिले. म्हातारी माणसं उपाशी निजली, निशे. तेव्हा मी हा हुकूम लिहिला."

निशिगंधा त्यांच्या खुर्चीजवळ सरकली. ती हळूच म्हणाली, "पण चंद्र काही न सांगता उगवत नाही. पंचांगात वेळ छापलेली असते ना? म्हणजे शेगड्या कधी पेटणार, ते आधीच कळतं."



"आजही संकष्टी आहे," भालदार म्हणाला. "चंद्रोदय आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी."

"तुला कुणी विचारलं?" अक्काआजी कडाडल्या, पण त्या उठल्या होत्या. "नीट ऐक. शेवटच्या घराची ज्योत स्थिर राहायला दीड बार पुरतो. दिवसा आपण अडीच ठेवू. त्याच्या खाली गेला, तरच बाहेरच्या वायूचं दार उघडायचं. तोवर नळ तुझ्या आईचे. नळ म्हणजे नुसता रस्ता नव्हे, ते कोठारही आहे. दिवसभर भरायचं आणि संध्याकाळी रितं करायचं."

बाहेरचे दार मिटले. चहा आणि आंघोळीच्या पाण्याला वायू लागला, तसा दाब उतरत तीनवर आला. केंद्राचा वायू आत शिरू लागला. मशाल ठेंगणी झाली आणि बारा वाजता विझली. उपासामुळे शेगड्या थंड होत्या; सोनगिरीचाच वायू सोनगिरीच्या नळांत साठत राहिला. संध्याकाळी दाबाचा काटा चारवर होता.

सात वाजता, गर्दीच्या आधीच, अक्काआजींनी बाहेरच्या दाराची मर्यादा तीनवर चढवली. मग मोदकपात्रे चढली. साडेतीन. सव्वातीन. अक्काआजींनी निशिगंधाचा हात घट्ट धरला. तीन! दार उघडले. काटा तिथेच थांबला. कुठल्याही घराची ज्योत मंदावली नाही. उद्या समितीला विझलेली मशालच दिसणार होती.

"नवा हुकूम कुणाच्या नावे लिहू?" भालदारने विचारले.

"माझ्याच. चुकीचा माझा होता, सुधारलेलाही माझाच हवा." त्या क्षणभर थांबल्या. "त्यापुढचे हिच्या नावे लिही. पलीकडच्या तीन गावांतही केंद्रं उभी राहताहेत. त्यांच्या वायूला जागा कशी करायची, ते ही सांगेल."

आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी वेशीकडे लालसर उजेड दिसला. निशिगंधा दचकली, मशाल पुन्हा पेटली की काय?

"वेडे," अक्काआजी म्हणाल्या, "चंद्र आहे तो. चल, मोदक निवतील."